पर्थ ते सिडनी, एक घोंगडी

परमेश्वर खोटं बोलतोय, हे जानकीबाईला घोंगडीच्या कोपऱ्यावरून कळलं.

घोंगडी तात्याबाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. काळ्या लोकरीची, जड, पाण्याला दाद न देणारी. तात्याबा मागच्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेला. धाकटा प्रविण सिडनीहून तिसऱ्या दिवशी, राख सावडायला पोचला. परत जाताना जानकीबाईनं ती घोंगडी त्याच्या बॅगेत गुडघा देऊन कोंबली. बापाची घोंगडी थोरल्याला, ही त्यांच्या घरातली रीत. थोरला परमेश्वर पर्थला. सिडनी काय आणि पर्थ काय, दोन्ही ऑस्ट्रेलियातच. एका देशात दोन सख्खे भाऊ, मग एक घोंगडी पोचायला असा काय उशीर लागणार?

परमेश्वर मयताला आला नव्हता. "दादा माझ्या बी पलीकडं ऱ्हातो आई," असं प्रविणनं तेव्हाच दारात पाय ठेवता ठेवता सांगितलं होतं. "त्याला इमानं बदलत बदलत यायला आठवडा लागला असता." जानकीबाईनं मान डोलावली होती. लांबचं पोर, त्याचा काय दोष. थोरल्याचा तिला तेव्हा रागापेक्षा कळवळाच जास्त आला.

आता दीड वर्षानं ती त्याला फोनवर सहज विचारत होती.

"घोंगडी पांघरतोस का रे?"

"पांघरतो की. लई ऊब हाय."

"प्रविणनं कशी पाठवली?"

"पाठवली कुठं, स्वतः आणून दिली त्यानं."

"आन् त्यो उसवलेला कोपरा? शिवलास का?"

"शिवला ना आई. कवाच शिवला."

जानकीबाई "बरं केलंस" म्हणाली आणि जेवला का, खोकला गेला का, असलं विचारत राहिली. घोंगडीचा कोपरा उसवलेला नव्हताच. चुलीतली ठिणगी पडून एका कोपऱ्याला भोक पडलं होतं आणि त्यावर तिनं स्वतःच्या हातानं तांबड्या कापडाचं ठिगळ मारलं होतं. तिची शिलाई उसवायची काय बिशाद! ज्यानं ती घोंगडी एकदा जरी अंगावर घेतली, त्याला ते तांबडं ठिगळ दिसल्यावाचून राहिलं नसतं.

दोन दिवस तिनं कळ काढली. मग प्रविणला विचारलं, "काय रे, दादाची घोंगडी कशी पोचवलीस?"

"कुरिअरनं पाठवली की आई. कवाच."

फोन ठेवल्यावर जानकीबाई ओट्यावर बसून लोकर पिंजत विचार करू लागली. एक म्हणतो आणून दिली, एक म्हणतो कुरिअरनं पाठवली. दोघं मिळून आईला फसवायचं तर आधी दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं, काय सांगायचं ते ठरवायला हवं. यांनी ठरवलेलं नाही. म्हणजे हे बोललेले नाहीत. म्हणजे हे बोलतच नाहीत.

पिंजायची लोकर तिनं बाजूला सारली.

समोरच्या घरात मंगल राहायची. अंगणवाडीवर सेविका होती, आणि जानकीबाईचे सगळे फोन तीच लावून द्यायची. जानकीबाईला फोन उचलता यायचा, लावता यायचा नाही. आणि शिकायची तिची तयारी नव्हती, कारण शिकली असती तर मंगल रोज आली नसती.

"मामी, तुमी उगंच शंका घेता," मंगल म्हणाली. "पर्थ आन् सिडनी म्हंजी काय नेकनूर आन् बीड वाटलं का तुमाला? की घेतली घोंगडी, बसला यश्टीत, आला देऊन?"

"एकाच देशात हायती ना?"

"देश केवढा हाय पर! थांबा, बघून सांगते." मंगलनं फोनवर बोटं चालवली. "हं. इमानाचं अंतर, तीन हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास. बगा."

जानकीबाईनं बघितलं नाही. "फोन कुणी घेऊन दिलाय मला?"

"प्रविणदादानं."

"मग त्यो त्याच्याच बाजूनं बोलणार."

मंगल पदर तोंडाला लावून हसली. जानकीबाई हसली नाही. लांब पडतं, हे कारण तिनं पंचवीस वर्षं ऐकलेलं होतं.

तात्याबाला एक धाकटा भाऊ होता, आसाराम. दोघांची मेंढरं आधी एकाच वाड्यात, म्हणजे एकाच फिरत्या कळपात असायची. मग एका कुत्र्यावरून दोघांचं बिनसलं. कुत्रं मेलं, पण बिनसलेलं तसंच राहिलं. तेव्हापासून तात्याबा मेंढरं घेऊन घाटाच्या अंगाला जायचा आणि आसाराम तेलगावकडं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, दोन्ही वाडे कधी एका रानात उतरले नाहीत. जानकीबाई म्हणायची, अहो एकदा तिकडून फिरून या, भावाला भेटा. तात्याबा चिलमीवरचा निखारा सारखा करत म्हणायचा, "तिकडलं रान लांब पडतं." भांडलो, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. मेंढपाळाची ही जात बोलून भांडत नाही, वाट बदलून भांडते.

तात्याबा गेल्यावर मेंढरं आसारामच्याच वाड्यात घातली होती. महिन्यातून एकदा तो सांगायला यायचा, कुठली व्याली, कुठली लंगडते. त्या आठवड्यात तो आला तेव्हा जानकीबाईनं चहाची कपबशी त्याच्यापुढं सरकवली आणि न थांबता विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. तुमच्या भावाला तुमच्या अंगाचं रान लांब पडायचं का?"

आसारामनं चहा बशीत ओतला. फुंकर घालायला लागला, आणि फुंकरच घालत राहिला.

"न्हाई वैनी," शेवटी तो म्हणाला. "रान होतं. पाणी बी होतं. एका वर्सी तर त्यांची शेकोटी दिसायची आमच्या टेकाडावरनं."

"मग तुमी कावून न्हाई गेलात?"

"मी म्हणलं, त्यो थोरला हाय, त्यो यील." आसारामनं बशी तोंडाला लावली, आणि चहा न पिताच खाली ठेवली. "त्यो म्हणला आसंल, आसाराम धाकटा हाय, त्योच यील."

तो गेल्यावर चहावर साय धरली होती. जानकीबाईनं ती कपबशी बराच वेळ उचलली नाही. तात्याबाला उचललं तेव्हा हा माणूस अंगणाच्या कडेला, कुडाला धरून उभा होता. आत यायचं की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरांचं असंच होणार. एकाला उचलतील तेव्हा दुसरा कडेला उभा राहील. नाहीतर फोनवर बघेल.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर ती अंगणवाडीत हजर झाली. भिंतीवर जगाचा नकाशा होता. एक कोपरा उंदरानं खाल्लेला, पण त्यात समुद्रच गेला होता.

"दाखव मला पर्थ कुठं आन् सिडनी कुठं. फोनवर न्हाई. हितं."

मंगलनं खडूनं दोन टिंबं केली. ऑस्ट्रेलियाच्या एका काठाला पर्थ, पार दुसऱ्या काठाला सिडनी. जानकीबाईनं कमरेच्या पिशवीतून लोकरीचा काळा दोरा काढला, एक टोक पर्थवर धरलं आणि दुसरं ताणत ताणत सिडनीपर्यंत नेलं. तिथं अंगठ्यानं दाबून धरलं.

"आता आपला देश दाखव. वरलं टोक आन् खालचं टोक."

मंगलनं काश्मीर दाखवलं, कन्याकुमारी दाखवली. जानकीबाईनं तोच दोरा त्यावर लावला. दोरा उरला.

"अगं बया," ती म्हणाली. "हे तर आपल्या सगळ्या देशापरीस लांब!"

"मग? मी काय सांगत होते? दादांची काय चूक?" मंगलला एकदम बरं वाटलं. "तुमाला उगंच वाटलं, भांडले म्हणून. एवढ्या लांब कोण जातंय घोंगडी घेऊन!"

जानकीबाईलाही क्षणभर बरं वाटलं. खरंच लांब होतं. पोरं अंतराबद्दल तरी खोटं बोलली नव्हती. तिनं दोरा गुंडाळायला घेतला आणि मध्येच थांबली.

"मुंबई कुठं गं? प्रविण उतरतो ती?"

मंगलनं बोट ठेवलं. जानकीबाईनं दोऱ्याचं टोक मुंबईवर धरलं आणि पाण्यावरून खाली खाली नेलं. पिशवीतला आणखी दोरा सुटत गेला. आधी पर्थ लागलं. तिथं तिनं दोऱ्याला गाठ मारली. मग मुंबईवरून पुन्हा सिडनीकडं नेला, तर गाठ कुठल्याकुठं मागं राहिली आणि दोरा पुढं जातच राहिला.

"मंगल."

"काय मामी?"

"आपल्याकडनं निघालं की पर्थ आदुगर लागतं."

मंगल नकाशाकडं बघत राहिली. प्रविणनं दारात काय सांगितलं होतं, ते तिनंही ऐकलं होतं. मयताच्या घरी पाणी द्यायला तीच उभी होती. दादा माझ्या बी पलीकडं ऱ्हातो.

"सिडनीवाला तिसऱ्या दिवशी पोचला," जानकीबाई दोरा गुंडाळत म्हणाली, "आन् पर्थवाला पोचला न्हाई."

मंगलनं खडूची टिंबं पुसली, का पुसली ते तिचं तिला माहीत. अंगणवाडीला कुलूप लावताना तिनं हळूच विचारलं, "मामी, आता?"

"आता दोघांला एकाच टायमाला फोन लाव. असतं ना तसं? एका फोनात दोघं?"

"असतं. पर सांगून लावू का?"

"सांगितलं तर एक उचलायचा न्हाई. दोघांला वाटू दे, मी एकटीच हाय."

दुपार कलायला लागली होती. दोघी जानकीबाईच्या ओट्यावर बसल्या. मंगलनं फोन पाण्याच्या हंड्याला टेकवून उभा केला. काचेवर आधी एक चौकोन उघडला, मग दुसरा. एकात परमेश्वर, कपाळावर टोपीचा वळ, मागं पिवळंधमक ऊन आणि तारेचं कुंपण. तो मेंढरांच्याच कामावर होता तिकडं. डिप्लोमा करून गेला होता. दुसऱ्यात प्रविण, मागं खिडकी, खिडकीत काळोख आणि लांबचे दिवे.

"आई—" दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम गप्प झाले. दोघांनाही दुसरा चौकोन दिसला होता.

"बोला की," जानकीबाई म्हणाली. "वळख न्हाई का? हा परमेश्वर. ह्यो प्रविण. मीच जन्माला घातलंय दोघांला."

प्रविणनं उगाच खिडकीकडं बघितलं.

"परमेश्वर, तुझ्याकडं ऊन हाय. प्रविणकडं रात झाली. म्हंजी सूर्य त्याचं गाव सोडून आला, आता तुझ्यावर हाय, आन् आमच्याकडं तर अजून दुपारच हाय. तू आमच्याकडल्या अंगाला हायस. नकाशावर बी तसंच हाय, मी दोरा लावून बघितलाय. मग तू पलीकडं कसा रं?"

"कशाच्या पलीकडं?" परमेश्वरनं विचारलं. त्याच्या कपाळावर आठी आली, आणि तो प्रविणच्या चौकोनाकडं बघायला लागला. "काय सांगितलंस तू आईला?"

दीड वर्षात भावानं भावाला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा, असं जानकीबाईला वाटलं. तिनं मंगलचं मनगट धरलं.

"सांगितलं, तू लांब ऱ्हातो म्हणून!" प्रविण उसळला. "मग काय सांगायचं होतं बे मी? मयताच्या घरात? सगळे विचारत होते, थोरला कुठंय, थोरला कुठंय. सांगायचं होतं का, त्यो जवळ हाय आन् तरी आला न्हाई?"

परमेश्वरनं डोक्यावरून हात फिरवला. मागं कुठंतरी एक कुत्रं भुंकलं, ऑस्ट्रेलियातलं; पण भुंकलं अगदी इथल्यासारखंच.

"मला म्हाईतच नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आईला सगळं सांगितलंस. म्हणून आई कधी विचारत न्हाई."

"काय सांगायचं हाय, ते आता तू सांग," जानकीबाई म्हणाली.

तो कुंपणाच्या खांबाला टेकून खाली बसला, तसा चौकोनात नुसता चेहरा उरला.

"तिकीट काढलतं आई. इमानतळावर गेलतो. बॅग आत दिली. बसायचं नाव पुकारलं, आन् पाय उचलंना माझा. घर डोळ्याम्होरं आलं. ओटा हाय, काठी हाय, आन् तात्या न्हाईत. माणसं चढत होती. मी बाकड्यावर बसून ऱ्हायलो. माझं एकट्याचं नाव किती येळा घेतलं त्यांनी. मी ऐकत होतो. मग माझी बॅग हुडकून खाली उतरवली, आन् इमान गेलं."

"आन् मला म्हणाला, चुकलं इमान," प्रविण म्हणाला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी म्हणलं, दुसऱ्यानं ये, मी मुंबईत थांबतो, संगं जाऊ. यानं फोन बंद केला, आई. मी एकटा आलो घरी. एकट्यानं राख सावडली."

ओट्यावर मंगल पदरानं डोळे टिपत होती. जानकीबाईला रडू आलं नाही. तिला मांजरा नदीचं पाणी दिसत होतं. पावसाळ्यात वाडा पलीकडं न्यायचा असला की एखादा जुना एडका काठावरच अडायचा. दर वर्षी उतरलेला, सगळ्यांच्या म्होरं चालणारा, आणि एखाद्या वर्षी पाणी बघून चारी पाय रोवून उभा. ओढला तर ओढला जायचा नाही. तात्याबानं त्याला कधी काठी मारली नाही. वाकायचा, खांद्यावर घ्यायचा आणि शिव्या देत देत पलीकडं नेऊन सोडायचा.

"बुजलास व्हय," ती म्हणाली.

परमेश्वरनं मान खाली घातली. खाली घातली ती वर केलीच नाही.

"प्रविण, घोंगडी कुठं हाय?"

"माझ्याकडंच. कपाटात."

"दादाला नेऊन दे."

"उद्याच पाठवतो, कुरिअर—"

"कुरिअरवाल्याचा बाप न्हाई मेला. तू नेऊन दे. खांद्यावर टाकून."

"आई, इमानानं पाच तास लागतात. लई लांब हाय गं—"

"म्हाईत हाय. मी मोजलंय."

"आन् इथं उन्हाळा चाललाय. खांद्यावर घोंगडी घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील?"

"तात्यानं कवा ऋतू बघून खांद्यावर घेतली का?" ती म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "त्यो म्हणतो मी थोरला हाय, धाकटा यील. तू म्हणतो मी धाकटा हाय, त्यो यील. एक जोडी पुरी झाली ह्या घरातली असं म्हणून म्हणून. एक अजून कुडाला धरून उभा हाय. मला दुसरी बघायची न्हाई. तू एकदा आलतास एकटा. आता आणखी एकदा जा. त्याच्याच्यानं पाय उचलत न्हाई, म्हणून तुझ्यावर घालते."

प्रविणनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. काच काळी झाली.

त्यानंतर दिवस गेले आणि फोन आला नाही. जानकीबाईनं लावायला सांगितलाही नाही. मंगल विचारायची, "मामी, लावू?" जानकीबाई म्हणायची, "नको. त्यांचं त्यांला चालू दे," आणि रस्त्यावर यश्टी थांबली की उगाच मान उंच करून बघायची, जसं काही सिडनीची गाडी तेलगावावरून यायची होती. प्रविण गेला नसणार, असं तिला सकाळी वाटायचं. गेला आसंल, पण दारातनं देऊन आला आसंल, असं दुपारी.

मग एका दुपारी फोन वाजला. मंगल समोरून पळत आली.

काचेवर एकच चौकोन होता. त्यात परमेश्वर आणि त्याच्या खांद्याला टेकलेला प्रविण.

"आलो बघ आई," प्रविण म्हणाला. "इमानात माझ्या शेजारच्या बाईनं जागा बदलून मागितली. मेंढराचा वास येतोय म्हणाली."

जानकीबाई हसली नाही. तिनं फोन तोंडाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. हल्ली फोनात काय काय दाखवतात म्हणे. कुणाचं तोंड कुणाच्या शेजारी चिकटवतात.

"मंगल, बघ गं नीट. दोघांच्या तोंडावर एकच ऊन हाय का?"

मंगलनं वाकून बघितलं. प्रविणचा डावा गाल उजळलेला होता, परमेश्वरचाही डावाच. दोघांनी डोळे सारखेच बारीक केले होते.

"एकच हाय मामी."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठं ती भिंतीला टेकली. तिकडं परमेश्वर मांडीवर घोंगडी पसरून एकेक कोपरा हातात घेऊन बघत होता. चौथ्या कोपऱ्याशी तो थांबला. तांबड्या कापडावर त्यानं अंगठा फिरवला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी दुधाच्या मडक्यात हात सापडल्यावर यायचा तो भाव आला.

"आई," तो म्हणाला, "हा कोपरा उसवलेला नव्हताच की."